भुयारातील सोबत

निवृत्त शिक्षकाने उतारवयात कोणते व्यसन जडवून घ्यावे, याविषयी आमच्या गावात मतभेद आहेत. कुणी पत्ते सुचवितात, कुणी पोथी, तर कुणी महामार्गालगतच्या हॉटेलात बसून येणाऱ्याजाणाऱ्या मालमोटारी मोजणे हाच उत्तम वानप्रस्थ समजतात. आमचे मन्नाएखेळ्ळी पुणे-हैदराबाद रस्त्यावर आहे आणि बिदरला जाणारा फाटा येथूनच फुटतो, त्यामुळे मोजण्यास वाहनांची वाण नाही. परंतु आम्ही या तिन्हींपैकी एकही मार्ग पत्करला नाही. गेल्या उन्हाळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आम्ही एक लहानसे यंत्र हाती धरून भुयारात उतरू लागलो. ही गोष्ट मित्रमंडळींत सांगण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही. वाचक दूर असतात, म्हणून त्यांच्यापुढे कबूल करीत आहोत.

हे यंत्र आमच्या चिरंजीवांचे. हैदराबादेस पहिली नोकरी लागली तेव्हा, अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी ते जुने म्हणून विकत घेतले होते. ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी’ असे त्याचे लांबलचक नाव. निन्टेंडो या जपानी कंपनीने २००३ साली ते बाजारात आणले. पानाच्या डब्यासारखे ते मिटते, उघडते. वरच्या झाकणात चित्र, खालच्या अंगाला चार-सहा बटणे आणि कडेला एक इवलासा दिवा. या दिव्याची हकीकत पुढे येईलच.

चिरंजीव आता गृहस्थ झाले. सूनबाई कारवारच्या, घरी कोंकणी बोलणाऱ्या. नातू अकरा वर्षांचा. तो आईशी कोंकणी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि हिंदी, आणि उरलीसुरली मराठी आमच्याशी बोलतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर त्याला आमच्याकडे ठेवताना चिरंजीवांनी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि त्याऐवजी हे जुने यंत्र हाती दिले. बहुधा मुलगा दोन दिवसांत कंटाळेल आणि आजोबांजवळ बसून गोष्टी ऐकेल, अशी त्यांची अटकळ असावी. मुलगा कंटाळला नाही. आजोबाच त्याच्याजवळ जाऊन बसले.

प्रथम आम्ही केवळ शिष्टाचार म्हणून विचारले, “काय चाललंय, बाळ?”

“भुंयारांत वतां,” तो कोंकणीत म्हणाला आणि लगेच सुधारून घेतले, “भुयारात जातोय, आबा.”

एका अनुस्वाराच्या अंतरावर नांदणाऱ्या या दोन बहिणी भाषांचे आम्हांला कौतुक वाटले, आणि त्या कौतुकाच्या भरात आम्ही चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून डोकावलो. तेथेच आम्ही फसलो.

खेळाचे नाव ‘पोकेमॉन मिस्टरी डंजन : रेड रेस्क्यू टीम’. जपानात तो २००५ च्या नोव्हेंबरात निघाला, चुनसॉफ्ट नावाच्या मंडळींनी तो घडविला. नातवाच्या बापाने आम्हांला मागाहून त्याची वंशावळही सांगितली. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील काही विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे अशी नव्हतीच. पडद्यावरची अक्षरे आणि चिन्हे हीच भिंत, हाच राक्षस, हाच वीर. त्याचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक वेळी भुयार नव्याने रचले जाई. काल पाठ केलेली वाट आज कामास येत नसे. त्याच कल्पनेवर जपानी मंडळींनी १९९३ पासून आपले खेळ उभारले, आणि पुढे पोकेमॉन नामक चित्रविचित्र जीवांना त्या भुयारांत सोडले. म्हणजे आमच्या नातवाच्या हातातील खेळ दिसतो बाळबोध, पण त्याचे घराणे जुने आहे.

खेळ सुरू होतो तो प्रश्नांनी. परीक्षा जवळ आली असता अभ्यास कसा कराल? भुताटकीच्या घरात शिराल काय? असल्या प्रश्नांना उत्तरे दिली की यंत्र तुमचा स्वभाव ठरविते आणि तदनुसार तुम्हांला एखाद्या प्राण्याचा देह देते. आपण मूळचे मनुष्य. जागे होतो तो परक्या देहात. नातवाने आमच्यासाठी नवा डाव मांडला. आम्ही शाळामास्तराच्या प्रामाणिकपणाने उत्तरे दिली. यंत्राने विचार केला आणि आम्हांला एकलकोंडे ठरवून ‘क्यूबोन’ केले. हा एक लहानसा जीव असून डोक्यावर कवटी घालून हिंडतो. ती कवटी त्याच्या मेलेल्या आईची, असे नातवाने सहज सांगितले.

“कोणी मेलं की असं डोक्यावर घेऊन फिरायचं का?” आम्ही विचारले.

“तो फिरतो,” नातू म्हणाला. “आता पार्टनर घ्या.”

सोबती निवडल्यावाचून हा खेळ पुढे सरकतच नाही. आम्ही ‘बल्बासोर’ घेतला. पाठीवर कांद्याचा गड्डा घेऊन चालणारा तो ठेंगणा, शांत जीव आम्हांला शेतकरी वाटला. पुढे आम्ही पाऊल टाकले की तोही टाकी. आम्ही थांबलो की तोही थांबे. किंबहुना सारे भुयारच थांबे. आपण हलल्याशिवाय शत्रू हलत नाही, ही या खेळाची मोठी सोय. म्हाताऱ्या बोटांना घाई नाही. बुद्धिबळाप्रमाणे विचार करावा आणि एक घर सरकावे. चालता चालता पोट मात्र रिकामे होत जाते, सफरचंद खावे लागते. पिशवीत वीसच वस्तू मावतात, म्हणून काय घ्यावे आणि काय टाकावे याचा संसारी विवेक करावा लागतो. एक बी मिळते, ती जवळ असली तर कोसळलेला जीव पुन्हा उठतो आणि बी नुसती साधी बी होऊन पिशवीत उरते. आम्ही तिला संजीवनी बी म्हणू लागलो. नातवालाही ते नाव आवडले.

भुयार हा प्रकार बिदरच्या माणसाला परका नाही. बहामनी काळात नौबादला जमिनीखालून पाणी वाहून आणण्यासाठी खोदलेला करेझ आहे. लांबच लांब बोगदा, आणि ठिकठिकाणी वरून खाली उतरलेल्या उभ्या विहिरी. माती बाहेर काढावी, आत हवा जावी, यासाठी त्या विहिरी. बिदरची झरणी नरसिंहाची गुहा तर साऱ्या मुलखात प्रसिद्ध. सुमारे तीनशे मीटरचे ते भुयार छातीभर पाण्यातून पार करावे तेव्हा देवाचे दर्शन. वर छताला वटवाघळे लोंबकळत असतात. १९८९ साली आम्ही उभयता तेथे गेलो होतो. चिरंजीव चार वर्षांचे. ते आमच्या खांद्यावर. पत्नी मागून आमचा सदरा धरून चालत होत्या. वटवाघूळ फडफडले की सदरा घट्ट ओढला जाई, आणि आम्हांला कळे की सोबत आहे. दिवसभर त्या म्हणत राहिल्या की आपण मुळीच भ्यालो नाही. सदऱ्याची शिवण मात्र उसवली होती.

ही गोष्ट आम्ही नातवाला सांगितली. त्याने डोळे विस्फारून विचारले, “आबा, तुम्ही खरंच डंजनमध्ये गेलात? आजी पार्टनर होती?”

“होती,” आम्ही म्हणालो.

या खेळाचा आणखी एक नियम येथे सांगणे अवश्य आहे. कथानकाच्या वाटेवर सोबती कोसळला तर तुम्ही कितीही धडधाकट असा, मोहीम संपते. दोघेही भुयाराबाहेर फेकले जाता. जवळचे पैसे जातात, पिशवीतल्या बऱ्याच वस्तू जातात. अंगी आलेली पातळी, म्हणजे शिकलेले बळ, तेवढे राहते. हा नियम वाचून आम्ही यंत्र क्षणभर खाली ठेवले होते. आमच्या अनुभवाचा नियम निराळा आहे. तेथे सोबती कोसळतो आणि उरलेल्याला बाहेर कुणी काढीत नाही; त्याला चालतच राहावे लागते.

मात्र खेळातही एक उपाय ठेवला आहे. तुम्ही कोसळलात की यंत्र विचारते, मदत मागायची का? मागायची असेल तर अक्षरांची एक लांब चिठ्ठी मिळते. ती मित्राला द्यायची. मित्र आपल्या यंत्रात ती उतरवून घेतो, त्याच भुयारात उतरतो, तुम्ही पडलात त्याच मजल्यापर्यंत येतो आणि तुम्हांला उठवितो. मग तुमची पिशवी शाबूत, वाट शाबूत. पण यातली मेख अशी की, चिठ्ठी पाठविल्यावाचून कुणी येऊ शकत नाही. जगातला कितीही बलाढ्य मित्र असो, तुम्ही हाक मारली नाही तर त्याला तुमचा मजला ठाऊक होणार कसा?

पंधरा दिवसांत आम्ही पुष्कळ प्रगती केली. तीन मजल्यांच्या चिमुकल्या वनातून एका अळीच्या पोराला तिच्या फुलपाखरू आईकडे पोहोचविले. पेलिपर नावाचा पाणपक्षी टपाल आणतो, त्यातील संकटग्रस्तांच्या हाका वाचून एकेकाची सुटका केली. नातू इंग्रजी वाचून मराठीत सांगे, अडला की आम्ही शब्द पुरवू. ‘सुटका’, ‘पायरी’, ‘दरड’, ‘कृतज्ञ’ हे शब्द त्याच्या मराठीत त्या पंधरवड्यात आले. बत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून जे आम्हांला अनेकदा साधले नाही, ते या डब्याने साधले.

पुढे थंडर पर्वत आला. तेथे माथ्यावर झॅपडॉस नावाचा विजेचा पक्षी राहतो. नातवाने दोन दिवस खपून पिशवी भरली. संजीवनी बिया, सफरचंदे, निळी बोरे आणि बरेच पैसे. “उद्या सकाळी आपण दोघं जाऊ,” तो म्हणाला आणि झोपी गेला. झोपण्यापूर्वी त्याने आम्हांला पुन्हा बजावले, “आबा, लाल दिवा लागला की आधी सेव्ह करा. बॅटरी जुनी आहे.”

यंत्राच्या कडेचा तो दिवा एरवी हिरवा असतो. वीज संपत आली की तांबडा होतो. त्या दिवशी गावात दुपारपासून वीज नव्हती, त्यामुळे यंत्र भरता आले नव्हते.

रात्री आम्हांला झोप आली नाही. नुसता तळमजला पाहून यावा, असे म्हणून आम्ही यंत्र उघडले. तळमजल्याला जिना सापडला. दुसऱ्या मजल्यालाही सापडला. सोबती मागे चालत होता, पिशवी भरलेली होती, बाहेर कुत्रीसुद्धा शांत होती. पाचव्या की सहाव्या मजल्यावर दिवा तांबडा झाला. आम्ही तो पाहिला. येथे वाटेतच डाव राखून ठेवण्याची सोय आहे, हेही आम्हांला ठाऊक होते. पण मनात आले, एक मजला आणखी. मग राखून ठेवू. तो मजला झाला. पुन्हा वाटले, एवढा जिना सापडू दे. आणि जिना समोर दिसत असतानाच चित्र विझले.

कोसळलो असतो तर यंत्राने विचारले असते, मदत हवी का. असे विझल्यावर ते काहीच विचारीत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ते केवळ हार मांडते.

उजाडेपर्यंत आम्ही खाटेवर बसून होतो. एका खेळासाठी म्हाताऱ्या माणसाने इतके कशाला हळहळावे, असे वाचक म्हणतील. परंतु तो तांबडा दिवा आम्ही पहिल्याने पाहत नव्हतो.

२०१८ चा आषाढ. पेरणी होऊन गेलेली. पत्नींना जिना चढताना धाप लागू लागली होती. एकदा माडीवरून येताना त्या मध्येच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “जरा टेकते.” आम्ही म्हणालो, “बिदरला दाखवून येऊ.” त्या म्हणाल्या, “पाऊस उघडू द्या.” आम्हांला ते सोयीचे वाटले. चिरंजीवांना कळवावे असे दोनदा मनात आले. पण त्या सुमारास त्यांच्या कचेरीत कामाची घाई होती, रात्री अकरापर्यंत बसत. उगाच कशाला त्यांना काळजी, असे आम्ही म्हणालो आणि त्याही म्हणाल्या. रोज रात्री फोनवर विचारणा होई, आणि रोज आम्ही “सगळं ठीक” असे सांगत असू. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी पहाटे त्या गेल्या. बिदरच्या वाटेवर, गाडीत, आमच्या सदऱ्याला धरून.

चिरंजीव दुपारी आले. रडण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “मला का नाही कळवलंत?”

त्यांना वेळेवर कळविले असते तर त्या वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणत नाही. वैद्यकातले आम्हांला कळत नाही. पण त्यांच्या मुलाला आईपर्यंत पोहोचण्याची जी वाट होती, ती आम्ही आमच्या समजूतदारपणाने बुजवून टाकली. करेझ खणणाऱ्यांनी बोगद्यावर ठिकठिकाणी विहिरी ठेवल्या. आत उतरलेल्याची हाक वर पोहोचावी एवढी सोय तरी त्यामुळे होते. आम्ही आपले घर बांधताना असली एकही विहीर ठेवली नव्हती.

सकाळी नातू उठला. आम्ही शाळेत मुले चूक कबूल करीत, तसे हात मागे घेऊन उभे राहिलो आणि सर्व सांगितले. त्याने यंत्र भिंतीच्या खुंटीजवळ तारेला लावले. वीज आली होती. पडदा उजळला. त्याने पिशवी उघडून पाहिली. त्याचा ओठ थरथरला, पण तो रडला नाही. मग त्याने दुसरे पान उघडले.

“पिशवी गेली,” तो म्हणाला. “लेव्हल आहे.”

“आम्ही चुकलो, बाळ.”

“ते ठीक आहे. पण आबा,” तो आमच्याकडे पाहून म्हणाला, “तुम्ही मला का नाही उठवलंत?”

बापाचाच प्रश्न, सात वर्षांनी, त्याच अंगणात. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नव्हते. या वेळी अकरा वर्षांचे पोर उत्तराची वाट पाहत उभे होते आणि त्याला टाळण्याजोगा एकही शब्द आमच्या मराठीत सापडेना. आम्ही म्हणालो, “तुझी झोप मोडेल असं वाटलं.”

त्याने थोडा विचार केला. “झोप काय, परत येते,” तो म्हणाला आणि आमच्या हाती यंत्र देऊन शेजारी बसला. आम्ही पुन्हा पहिल्या मजल्यापासून सफरचंदे गोळा करू लागलो.

त्या सकाळनंतर आम्ही आणखी एक गोष्ट केली. ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेले तीन आठवडे आम्हांला सकाळी उठताना भोवळ येत होती. एकदा आम्ही न्हाणीघरात भिंतीला धरून उभे राहिलो होतो. कुणालाही सांगितले नव्हते. सुट्टी संपू दे, मुलगा परत जाऊ दे, मग पाहू, असा आमचा बेत होता. दुपारी आम्ही चिरंजीवांना फोन लावला. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारले, “सगळं ठीक ना, आबा?” आम्ही म्हणालो, “नाही. भोवळ येते. तीन आठवडे झाले. तू ये.”

पलीकडे बराच वेळ शब्द नव्हता. मग ते म्हणाले, “निघतो.” आणि फोन ठेवण्यापूर्वी, थोड्या निराळ्या आवाजात, “सांगितलंत ते बरं केलंत.”

रात्री नऊच्या सुमारास गाडी दारात लागली. दुसऱ्या दिवशी बिदरला तपासण्या झाल्या. रक्तदाब वाढला होता, इतकेच. रोज एक गोळी, मीठ कमी आणि उठताना सावकाश, असे डॉक्टरांनी सांगितले. एवढ्याशा गोष्टीसाठी मुलाला धावाधाव करायला लावली याची आम्हांला प्रथम लाज वाटली. परंतु परतीच्या वाटेवर चिरंजीव गाडी चालवीत होते आणि आम्ही शेजारी बसलो होतो. तेव्हा सात वर्षांत पहिल्यानेच ते आईविषयी बोलले. झरणीच्या भुयारात आपण आमच्या खांद्यावर बसलो होतो, हे त्यांना आठवत होते. वटवाघळे आठवत होती. आईने आपला पाय धरून ठेवला होता, असे ते म्हणाले. आम्हांला सदऱ्याची आठवण, त्यांना पायाची. त्या माऊलीने एका हाताने आमचा सदरा आणि दुसऱ्या हाताने मुलाचा पाय धरला होता, हे छत्तीस वर्षांनी आम्हां दोघांना एकत्र बसल्यावर समजले. मागच्या बाकावर नातू झोपला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तो हैदराबादेस परत गेला. यंत्र आणि त्याची तार त्याने आमच्याकडे ठेवली आहे. चिरंजीवांनी नवी बॅटरी बसवून आणली. थंडर पर्वताचा माथा आम्ही अद्याप गाठलेला नाही. नातवाने तशी सक्त ताकीद दिली आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो आल्यावर आम्ही दोघे मिळून जाणार आहोत. तोवर आम्ही खालच्या लहानसहान भुयारांतून संकटग्रस्तांच्या हाका ऐकत हिंडतो आणि संजीवनी बिया साठवितो.

दर रविवारी फोन येतो. नातू पहिल्याने विचारतो, “आबा, दिवा कोणता?” तो यंत्राविषयी विचारतो की आमच्याविषयी, हे आम्ही अजून त्याला विचारलेले नाही. जो दिवा असेल तो सांगतो. मागच्या रविवारी गुडघा दुखत होता. तेही सांगितले.